दिव्यांग स्वच्छतागृहाची चावी

अकरा वर्षं माझा एक नेम होता. सकाळी साडेनऊला घर सोडताना दोन घोट पाणी, तेही गोळी गिळण्यापुरतं, आणि मग थेट संध्याकाळी साडेसहाला घरी आल्यावर तांब्या तोंडाला. मधल्या नऊ तासांत थेंब नाही. कचेरीतल्या बायकांना आधी वाटलं, माझा उपास असेल. सोमवार झाला, मंगळवार झाला, गुरुवारीही मी पाण्याला शिवेना, तेव्हा त्यांनी मला फार मोठी भक्तीण ठरवून टाकलं. एकीनं तर पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. मी कशाला नाही म्हणू? देवाचं नाव घेतलं की पुढं कुणी चौकशी करत नाही. मुताचं नाव घेतलं की सगळे इकडंतिकडं बघायला लागतात.

तसंही आमच्या शहरात पाणी कमी पिणाऱ्या माणसाचं कौतुकच होतं. नळ आठवड्यानं येतो, कधी त्याहून उशिरा. पुंडलिकनगरात आमच्या गल्लीत पाणी आलं की लग्नघरासारखी धावपळ सुरू होते. अशा गावात तहान मारून बसलेली बाई म्हणजे काटकसरीचा नमुना.

खरी गोष्ट अशी, की लहानपणी पोलिओनं माझे दोन्ही पाय नेले. घरापासून कचेरीपर्यंत मी बाजूला दोन चाकं लावलेली स्कुटी चालवते आणि झकास चालवते. कचेरीच्या दारात वॉचमन माझी चाकाची खुर्ची घेऊन उभा असतो. तिथून पुढं दिवसभर मी आणि माझी खुर्ची. कचेरी सरकारी आहे, एवढंच सांगते. तिथं बायकांचं स्वच्छतागृह मागच्या अंगाला, तीन पायऱ्या उतरून, खाली बसायचं, आणि त्याचं दार एवढं अरुंद की आमची हडकुळी टायपिस्टसुद्धा आडवी होऊन आत जायची. तिथं माझी खुर्ची जाणार कशी आणि मी बसणार कशी? म्हणून पाणीच बंद. साधा हिशोब.

शरीराला मात्र हा हिशोब पटला नाही. वर्षा-दीड वर्षानं लघवीचं इन्फेक्शन, ताप, कंबर मोडल्यासारखी दुखणार. माझे डॉक्टर भले माणूस, पण त्यांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर आणि जिना अंधारा. त्यामुळं ते खाली येऊन मला स्कुटीवरच तपासतात. तिसऱ्या इन्फेक्शनला त्यांनी भर रस्त्यात, रसवंतीवाला आणि त्याचं गिऱ्हाईक कान देऊन ऐकत असताना, मला झापलं.

"बाई, पाणी प्या! दिवसाला तीन लिटर. पुढच्या वेळी सरळ ॲडमिट करावं लागेल. किडनीवर गेलं तर माझ्या हातात काही राहणार नाही, सांगून ठेवतो."

"डॉक्टर, पाणी प्यायला मी एका पायावर तयार आहे," मी म्हटलं. "त्याच्या पुढचं काय करायचं तेवढं सांगा."

डॉक्टर चिठ्ठी लिहायला लागले. रसवंतीवाल्यानं मला फुकट एक ग्लास रस देऊ केला. तोही मी प्यायले नाही.

निवेदनं मी कमी दिली नव्हती. पहिली काही 'अपंग कर्मचारी' म्हणून दिली, नंतर सरकारनं आम्हाला दिव्यांग केलं तेव्हा 'दिव्यांग कर्मचारी' म्हणून दिली. शब्द बदलला, तीन पायऱ्या होत्या तिथंच राहिल्या. प्रत्येक निवेदनावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा पडायचा आणि तो कागद फिरत फिरत पुन्हा माझ्याच टेबलावर यायचा, कारण आमच्या कचेरीत येणारी निवेदनं नोंदवायचं काम माझ्याकडंच आहे.

मग एक दिवस वरून पत्र आलं. इमारत दिव्यांगांना वापरता येईल अशी करा, मुदतीत करा, आणि फोटो पाठवा. फोटो म्हटल्यावर कचेरी खडबडून जागी झाली. जे अकरा वर्षांत झालं नाही ते तीन आठवड्यांत झालं. पुढच्या दारात उतार बांधला. तो इतका खडा, की मला वर ढकलताना वॉचमनच दोन पावलं मागं यायचा. अंध माणसांना पायाखाली रस्ता कळावा म्हणून पिवळ्या, उठावाच्या फरशा बसवल्या. आणि तळमजल्यावर जिथं निजामाच्या काळापासूनचे जुन्या कागदांचे बस्ते कुजत पडले होते ती खोली रिकामी करून दिव्यांग स्वच्छतागृह केलं. पांढराशुभ्र कमोड, चकचकीत स्टीलचा दांडा, आरसा, पंखा. दारावर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र. खोटं कशाला बोलू, ते चित्र लावत होते तेव्हा मी काम सोडून बघत बसले होते. मला लई आनंद झाला होता.

पिवळ्या फरशांची गंमत आधी सांगते. आमच्याकडं चौकशीच्या खिडकीवर एक अंध सहकारी आहे. लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं ये-जा करतो. मला ताई म्हणतो. त्याच्या नशिबानं फरशा बसवणाऱ्या गवंड्याला कुणीतरी सांगितलं होतं, की उद्घाटनाचे पाहुणे फाटकातून येऊन कोनशिलेपाशी जाणार आहेत, तर रस्ता तसाच काढ. गवंड्यानं काढला. फाटकापासून निघालेला पिवळा पट्टा वळणं घेत घेत थेट भिंतीतल्या कोनशिलेवर जाऊन संपतो. पहिल्याच दिवशी हा बिचारा त्या पट्ट्यावरून विश्वासानं चालत गेला आणि त्याचं कपाळ उद्घाटकाच्या नावावर आपटलं.

"ताई," तो कपाळ चोळत मला म्हणाला, "रस्ता एक नंबर झालाय. फक्त आपल्याला जिथं जायचंय तिथं जात नाय."

उद्घाटनाला फीत कापायची कात्री माझ्याच हातात दिली होती. दिव्यांग भगिनी म्हणून गुलाबाचं फूल दिलं. उंबऱ्यावर नारळ फोडला. पाहुणे, साहेब आणि त्यांच्यामागं आणखी सात-आठ जण आत शिरले, कमोडकडं देवळातल्या मूर्तीकडं बघावं तसं बघितलं आणि बाहेर आले. मला मात्र दारातच थांबवलं, कारण फोटोत दारावरचं चित्र आणि मी शेजारी शेजारी हवे होते. फोटो झाले, पेढे झाले, कुलूप लागलं.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर बसल्या बसल्या पहिलं काम केलं ते म्हणजे ग्लासभर पाणी प्यायले. सगळ्यांच्या देखत, गटागटा. अर्ध्या तासानं खुर्ची वळवून निघाले. दाराला कुलूप तसंच. चावी आमच्या अधीक्षकांकडं, म्हणजे आम्हा सगळ्या कारकुनांच्या वरच्या माणसाकडं. त्यांनी माझ्यासमोर एक कोरं रजिस्टर ठेवलं. स्वतः पट्टीनं रकाने आखले होते. नाव, पदनाम, दिव्यांगत्वाचा प्रकार, कारण, चावी दिल्याची वेळ, चावी परत केल्याची वेळ, साहेबांची सही.

"हे कशाला सर?"

"नवीन वस्तू आहे मॅडम. उघडी ठेवली तर वाट लावतील. पब्लिक वापरेल."

"पब्लिकसाठीच आहे ना?"

"दिव्यांग पब्लिकसाठी," ते म्हणाले, आणि पेन पुढं केलं.

मी नाव लिहिलं, पद लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : लघवी.

अधीक्षकांचा चेहरा लालबुंद. "अहो मॅडम, असं लिहितात का? सरकारी रजिस्टर आहे ते. 'वैयक्तिक काम' लिहा."

"वैयक्तिक कामात काय काय येईल सर! उद्या तपासणीत कुणी विचारलं, ही बाई बंद खोलीत वीस मिनिटं कसलं वैयक्तिक काम करत होती, तर तुम्ही काय सांगाल?"

त्यांनी व्हाइटनर काढलं. तो शब्द पुसला, फुंकर घालून वाळवला, वर स्वतःच्या हातानं 'वैयक्तिक' लिहिलं आणि म्हणाले, "आता साहेबांची सही आणा." साहेब मीटिंगला गेले होते. चारपर्यंत येणार होते. मी घड्याळाकडं बघितलं, सव्वाअकरा झाले होते. काय सांगू तुम्हाला, अंगाचा नुसता तिळपापड झाला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्कुटी काढली आणि जीव मुठीत धरून घर गाठलं. रजेच्या अर्जातही कारण 'लघवी' असंच लिहिलं. तो अर्ज मंजूर झाला.

पुढं बरेच दिवस हेच चाललं. सही आणली तर चावी अधीक्षकांच्या मागच्या खिळ्यावर नसायची. चावी कुठं? साहेबांच्या शिपायाकडं. शिपाई कुठं? साहेबांच्या कामाला. हे कोडं शेवटी माझ्या अंध सहकाऱ्यानंच सोडवलं.

"ताई, आत साहेब असतात," तो हळूच म्हणाला. "सकाळी अकराला एकदा अन् जेवणानंतर एकदा. बुटाचा आवाज ओळखतो ना मी. वीस-वीस मिनिटं. पेपरची पानं पण उलटतात."

माझा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी अकराला खुर्ची बोळात लावून बसले. साहेब आले, मला बघून जरा चपापले, मग हसले. वाईट माणूस नाही हो तो. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"मॅडम, काय आहे, माझ्या केबिनमधलं जुन्या पद्धतीचं आहे. खाली बसायचं म्हणजे गुडघे जीव घेतात. तुमच्यापासून काय लपवायचं, मीही एक प्रकारे तुमच्यातलाच."

"मग सर, रजिस्टरमध्ये सही करता का?"

ते मोठ्यांदा हसले, माझ्या विनोदबुद्धीचं कौतुक केलं आणि आत जाऊन कडी लावली. मी बाहेर, दारावरचं ते निळं चित्र समोर. त्या चित्रातल्या माणसालाही आत कुणी सोडत नसणार. मी परत टेबलावर गेले आणि पाण्याची बाटली पिशवीत घातली. त्या उन्हाळ्यात पुन्हा ताप आला. डॉक्टर खाली आले, स्कुटीवरच माझी नाडी बघितली आणि या वेळी झापलं नाही. सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली. ते झापत नाहीत म्हटल्यावर मी घाबरले. किडनी म्हणजे काही खुर्ची नाही, दुसरी मागवता येत नाही.

आणि तेवढ्यात वरून तपासणीचं पत्र आलं. तीन जणांचं पथक येणार, सोयी बघणार, आणि 'लाभार्थ्याचा अभिप्राय' घेणार. लाभार्थी म्हणजे मी. अधीक्षकांनी अभिप्राय टाईप करूनच आणला होता. 'सदर सुविधेचा मी नियमित लाभ घेत असून पूर्णतः समाधानी आहे.' खाली माझं नाव, आणि सहीसाठी ठिपके ठिपके.

"इथं सही करा मॅडम. आपल्या कचेरीच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"उद्या करते सर. पथकासमोरच करते, म्हणजे जास्त बरं दिसेल."

त्यांना ते पटलं. फार खूश झाले.

त्या रात्री मी ठरवून झोपले. सकाळी उठून तांब्याभर पाणी प्यायले, त्यावर ताकाचा मोठा ग्लास, निघताना कप भरून चहा, आणि कचेरीत आल्यावर पुन्हा बाटली तोंडाला. टायपिस्ट बघतच राहिली. "उपास सुटला का हो आज?" म्हणाली. मी चौकशीच्या खिडकीपाशी जाऊन माझ्या सहकाऱ्याला बेत सांगितला. त्याला धीर धरवेना, तो खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी लटकवून पावणेअकरालाच बाहेर आला.

पथक साडेबाराला येणार होतं. आलं अकरा वाजून पाच मिनिटांनी. पथकाच्या प्रमुख एक बाई होत्या, पन्नाशीच्या, हातात फॉर्म, कमी बोलणाऱ्या. त्यांनी उतार बघितला, काही लिहिलं. पिवळ्या पट्ट्यावरून चालत कोनशिलेपर्यंत गेल्या, भिंतीकडं बघितलं, काही लिहिलं. मग सगळे बोळात आले. स्वच्छतागृहाच्या दारासमोर साहेबांचा शिपाई हात पसरून उभा. "साफसफाई चालू आहे," म्हणाला. अधीक्षकांच्या कपाळावर घाम.

"मला जायचंय," मी म्हटलं. "आत्ता. अभिप्राय द्यायचाय ना, मग वापरून देते."

त्या बाईंनी शिपायाला बाजूला व्हायला सांगितलं आणि दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण आहे रे? सांगून ठेवलंय ना कुणाला पाठवू नको म्हणून!" मग पाणी सोडल्याचा आवाज. मग कडी. साहेब बाहेर आले, बगलेत घडी केलेला पेपर. बोळात बारा-पंधरा माणसं आणि सगळ्यांचे डोळे त्या पेपरवर.

"नमस्कार साहेब," माझा सहकारी अंदाजानं त्यांच्याकडं वळून म्हणाला. "बुटावरून ओळखलं."

प्रमुख बाईंनी फॉर्म वर केला आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, "आपल्या दिव्यांगत्वाचा प्रकार काय लिहू?"

साहेब "गुडघा" म्हणाले. इतकं हळू म्हणाले की दोनदा विचारावं लागलं.

मला हसायला वेळ नव्हता. आता मिनिटभरही थांबवत नव्हतं. मी खुर्ची आत घातली. दार रुंद होतं, आत गेले, आणि तिथंच घोडं अडलं. दार उघडत होतं आतल्या बाजूला. माझी खुर्ची कमोडपाशी लागली की मागची चाकं दाराच्या वाटेत. खुर्ची पुढं घ्यावी तर समोर बेसिन. वळवावी तर भिंत. दार खुर्चीला येऊन थडकायचं, लागायचं नाही. अधीक्षक बाहेरून म्हणाले, "जरा लोटा ना मॅडम," आणि त्यांनीच लोटलं. माझ्या कोपराला लागलं. एवढ्या दिवसांत ज्या खोलीच्या चावीसाठी मी रडले ती खोली माझ्यासाठी बांधलेलीच नव्हती.

"तुम्ही बाहेर या," प्रमुख बाई म्हणाल्या. "आम्ही तशी नोंद घेतो."

"नोंदीपर्यंत मी थांबू शकत नाही मॅडम," मी म्हटलं, आणि माझ्या सहकाऱ्याला हाक मारली. "ये रे, दारात उभा राहा. पाठ माझ्याकडं कर."

तो आला. पांढरी काठी आडवी धरून दारात उभा राहिला आणि बोळाला दम दिला, "चला, सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा. मी बघत नाय, तुम्ही पण बघायचं नाय!"

आणि सगळे वळले. पथक वळलं, अधीक्षक वळले, शिपाई वळला, साहेबही पेपरसकट वळले. स्टीलचा दांडा लावला होता तो माझ्या उलट्या हाताला. मी लहानपणापासून हातांवर चालत आलेय, दंड माझे पैलवानाचे आहेत, बेसिन धरून कशीबशी सरकले. आणि मग त्या शांत बोळात तो आवाज झाला. बराच वेळ झाला. तांब्याभर पाणी, ताक, चहा, सगळं.

लाज वाटली का? वाटली. कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. चाळिशी उलटलेली बाई, घरी कॉलेजात जाणारी मुलगी, आणि उघड्या दारात अशी. पण लाजेच्या वर राग होता आणि रागाच्या वर, खरं सांगते, सुटल्याचं सुख होतं. मी मुळीच घाई केली नाही. हात धुतले, बाहेर येऊन अधीक्षकांच्या हातातला तो टाईप केलेला कागद घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं : दार लागत नाही. खाली सही केली. प्रमुख बाईंनी तो कागद स्वतः फॉर्मला टाचला. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला.

चौथ्या दिवशी सुतार आला. दाढी पिकलेला, दौलताबादकडचा, आमच्या भागात बऱ्याच घरांची कामं त्यानंच केलेली. सगळे त्याला चाचा म्हणतात. त्यानं दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं आणि कपाळाला हात लावला.

"कायकू असं उलटं लावलं ह्यांनी? बाहेर उघडायला पायजे ना! ताई, तुमी जरा आत जाऊन दाखवा."

मी आत गेले. तो उकिडवा बसला, टेप काढली. खुर्चीची रुंदी घेतली, चाकापासून गुडघ्यापर्यंत घेतलं. "वळा," म्हणाला. वळले, कुठं अडते ते बघितलं. "आता हात लांबवा, जोर येतो तिथपर्यंत." मी उजवा हात लांबवला. त्यानं कानामागची पेन्सिल काढून माझ्या बोटांजवळ भिंतीवर खूण केली. मग डावा हात. पुन्हा खूण. बेसिन कुठं सरकवायचं, दांडा कुठं लावायचा, सगळं त्या खुणांवरून ठरवत होता आणि आपल्याशीच बोलत होता.

"घरात ओटा करतो ना आमी, तर आधी बाईला उभं करतो. तिच्या कंबरेवरून माप. नायतर जिंदगीभर पाठ दुखते तिची. हे करताना तुमचं माप कुणी घेतलं होतं?"

फोटो घेतला होता, सही मागितली होती, दाखल्याची झेरॉक्स दर वर्षी घेतात. माप? अकरा वर्षांत कुणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बोळात सगळ्यांसमोर बसले तेव्हा आवरलं होतं, ते आत्ता या माणसासमोर आवरेना. हात तसाच लांब धरून मी हुंदके देऊन रडायला लागले.

चाचा गडबडला. "काय झालं ताई? पत्रा लागला का टेपचा?"

"नाही चाचा," मी म्हटलं. "घ्या तुम्ही माप. सावकाश घ्या."